वतनातून सुटलेला आवाज

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

खेड्यापाड्यांतील तरुण मुलांच्या मोबाईलवर आज जे ऐकू येते त्याला गाणे म्हणावे की बडबड, असा प्रश्न अनेक जुन्या कार्यकर्त्यांना पडतो. चाल जवळजवळ नाही, आलाप नाही, ठेक्यावर भराभर शब्द टाकले जातात. त्या शब्दांत कधी शिवी असते, कधी सोयाबीनचा भाव असतो, कधी जातीचा उघड उच्चार असतो. या प्रकाराला रॅप म्हणतात आणि तो अमेरिकेतून आला, एवढी माहिती मिळाली की बहुतेकांचा विषय संपतो. एक पक्ष त्याला परदेशी नक्कल म्हणून बाजूला सारतो. दुसरा पक्ष, हे सारे मराठी पोवाड्यात पूर्वीच होते, असे म्हणून छाती फुगवतो. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. कारण दोन्हींपैकी कोणतेही दिल्यानंतर तो मुलगा काय म्हणतो आहे हे ऐकण्याची गरज उरत नाही.

वस्तुतः प्रश्न रॅप देशी की परदेशी हा नाही. आवाज कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आहे. साहित्याच्या चर्चेत तो अलंकारिक वाटेल. धाराशिव जिल्ह्यात तो अलंकारिक नव्हता. येथे तो जमिनीचा आणि बेगारीचा प्रश्न होता.

धाराशिव तालुक्यातील कसबे तडवळे या गावी २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते. वतन म्हटले की मान, वारसा, जमीनजुमला असे काही डोळ्यांसमोर येते. महार आणि मांग यांच्या वाट्याला आलेले वतन म्हणजे प्रत्यक्षात रात्रंदिवसाची चाकरी होती. गावचा सारा तालुक्याला पोचवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदाराचे ओझे वाहायचे, शिवेची राखण करायची, मयताचा सांगावा घेऊन रानावनातून पायी परगावी जायचे. आणि या सगळ्याच्या बदल्यात इनामाचा एखादा तुकडा व सुगीला बलुते. या कामांच्या यादीत एक काम गळ्याचे होते. गावात दवंडी द्यायची ती महाराने किंवा मांगाने, जसा गावचा रिवाज असेल तशी. हलगी मांगाची. आवाज त्याचा, शब्द पाटलाचे. ज्या आडावर त्याला पाणी भरता येत नसे त्या आडाविषयीचा हुकूमही गावाने त्याच्याच तोंडून ऐकावा, अशी ही व्यवस्था होती. हलगीवाचून वरात निघत नसे, पण हलगीवाल्याची जागा मांडवाबाहेर.

या चाकरीला कायद्याने आळा बसावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले होते. ते फळाला आले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबईचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्यांना आज 'लोककलावंत' असे गौरवाने म्हटले जाते, त्यांच्यापैकी कित्येकांच्या आजोबांना स्वतःच्या गळ्यावर पुरता हक्क नव्हता. शाहिरीचा इतिहास लिहिणारे अफझलखानाच्या पोवाड्यापासून सुरुवात करतात, ते त्यांच्या परीने बरोबर आहे. येथे मात्र सुरुवात वतनापासून करणे भाग आहे. कारण विसाव्या शतकात ज्या समाजांतून सर्वांत धारदार राजकीय शाहिरी निघाली, ते बव्हंशी तेच समाज होत, ज्यांचा आवाज आणि ज्यांचे वाद्य पिढ्यानपिढ्या गावाने वापरले.

सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला आणि पुढे त्याच्या प्रचारासाठी जलसे उभे राहिले. तमाशाचा सांगाडा त्यांनी घेतला आणि आतला माल बदलला. आंबेडकरी जलशाने १९३० नंतरच्या दशकात हे काम आणखी पुढे नेले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणातला देव बदलला, स्त्रीची थट्टा करणारी गवळण काढून टाकली, आणि वगाच्या जागी पाणवठा, शाळा, सावकार, मृत मांस हे विषय आणले. आपल्या दहा सभांची बरोबरी कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचा बाबासाहेबांचा एक उद्गार परंपरेने सांगितला जातो. तो नेमक्या कोणत्या शब्दांत होता याला महत्त्व नाही. महत्त्व याला आहे की ज्याने काल दुसऱ्याच्या हुकमाची दवंडी दिली, तो आज स्वतःचा मजकूर घेऊन चावडीसमोर उभा राहिला, आणि चाल तीच असल्यामुळे गावाला ऐकावे लागले.

अशीच एक हकीकत समुद्रापलीकडची आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना वसाहतीत १७३९ मध्ये गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवीत, माणसे गोळा करीत निघाले होते. उठाव चिरडला गेला आणि १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्याची बंदी झाली. मालकवर्गाला ढोलाचे राजकारण विद्वानांच्या आधी कळते, ते असे. ढोल हिरावला गेला तेव्हा ठेका टाळ्यांत गेला, पायांत गेला, तोंडाच्या बोलांत गेला. येथील गावगाड्याने वाद्य काढून घेतले नाही, ते गळ्यात अडकवून चाकरीला लावले. तेथे ते काढूनच घेतले. दोन्हीकडे शेवटी लोकांजवळ जे उरले ते शब्द आणि ताल एवढेच होते. बोलल्या जाणाऱ्या कवितेचे भांडवल इतके थोडे का, आणि ती नेमकी भणंगांच्या वस्तीतच का वाढते, याचे उत्तर येथे आहे. छपाईला पैसे लागतात, सतारीला गुरू लागतो, नाट्यगृहाला भाडे लागते.

आता तुळजापूरकडे वळावे. भवानीच्या गोंधळात संबळ, तुणतुणे, झांज आणि दिवटी एवढ्यावर रात्र उभी राहते. गोंधळी प्रथम ठिकठिकाणच्या दैवतांना त्यांच्या गावांच्या नावांसह आवाहन करतो. गावांची ती नामावळी ऐकणाऱ्याच्या अंगावर येते, कारण तीत त्याच्याही शिवेजवळचे एखादे नाव असते. नंतर मुख्य गोंधळी आख्यान लावतो, साथीदार मध्येच खोचक प्रश्न विचारतो, गाणे थांबते, बोलणे सुरू होते, बोलण्यातून पुन्हा ठेका उचलला जातो. गाणे कोठे संपले आणि बोलणे कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. रॅप करणारा मुलगा आपल्या वस्तीचे, गल्लीचे, तालुक्याचे नाव पहिल्याच ओळीत घेतो, त्याची अनेकांना गंमत वाटते. गोंधळ्याने हजार वेळा केलेलीच ती गोष्ट आहे.

मराठीत कटाव नावाचा एक रचनाप्रकार आहे, तो आता अभ्यासक्रमातूनही जवळजवळ गेला. चालीत फारसे न अडकता, अनुप्रास आणि यमकांच्या जोरावर, ताल धरून वेगाने म्हणत जायचे. श्वास कोठे घ्यायचा हेच त्यातले कसब. अठराव्या शतकात औरंगाबादेत राहिलेले अमृतराय त्यासाठी प्रसिद्ध आहेत. रॅपला मराठीत सख्खा नातेवाईक शोधायचा तर तो पोवाड्यापेक्षा कटाव होय. कलगी आणि तुरा या पक्षांचे सवाल-जवाब तर सर्वांना ठाऊक आहेत. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, या वादाच्या निमित्ताने दोन शाहीर एकमेकांना जागच्या जागी रचलेल्या कवनांनी पेचात पकडत. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दोन मुले एकमेकांची फजिती यमकांत करतात तेव्हा पणाला लागलेली गोष्ट तीच असते: हजरजबाबीपणा आणि चारचौघांतली पत.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. तिला नाममुद्रा म्हणतात. रॅपमध्येही गाणारा स्वतःचे नाव वारंवार घेतो. सुशिक्षित श्रोत्याला ती बढाई वाटते. परंतु ज्याची कविता कागदावर उतरत नाही, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, त्याने मालकी नोंदवायची कोठे? नाममुद्रा हे निरक्षराचे स्वामित्वपत्र आहे. गाणे चोरणाऱ्याला शेवटचे कडवे तोडावे लागते, आणि तोडलेले कडवे जाणकाराच्या लक्षात येते.

एवढे सांगून झाल्यावर एक इशाराही दिला पाहिजे. परंपरा आहे म्हणून ती बंडखोर ठरत नाही. पोवाडा राजांचा झाला, सरदारांचा झाला, बिदागी देणाऱ्या कोणाचाही झाला. पोतराज स्वतःच्या पाठीवर आसूड ओढतो आणि त्याची बायको मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेऊन वाद्य वाजवते. या दृश्यात लय आहे, म्हणून ते संस्कृती म्हणून जपावे असे म्हणणाऱ्याने एकदा त्या पाठीकडे पाहावे. लय ही शस्त्रासारखी असते, ती ज्याच्या हाती पडेल त्याचे काम करते.

निजामी राजवटीत मराठवाड्यात जाहीर सभेसाठी परवानगी लागे. १९२९ ची 'गश्ती निशाण ५३' ही त्या बंधनाची कुप्रसिद्ध सनद. त्यामुळे कीर्तने, मेळे, वाचनालये यांच्या आडोशाने जागृतीचे काम चालले. शेजारच्या बार्शीला मात्र गिरण्या होत्या आणि गिरण्यांबरोबर युनियन होती. तेथेच २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा जन्मला, जो पुढे शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. आई मुनेरबी हिच्या तोंडच्या लोकगीतांवर त्याचे कान तयार झाले आणि गिरणीतल्या लढ्यांवर त्याची जीभ. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये उभे राहिलेले लाल बावटा कलापथक ही मराठी शाहिरीच्या इतिहासातील वेगळीच घटना होती. या तिघांना कोणी कार्यक्रमाला 'बोलावत' नसे. संप जेथे असेल तेथे ते असत. गाणे सभेच्या आधीचा विरंगुळा नव्हते, गाण्यातच मागणी होती, आणि टोपीत पडलेल्या नाण्यांचा हिशोब संपफंडात जाई. तमाशावर मुंबई सरकारची वक्रदृष्टी झाली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच रचनेला लोकनाट्य म्हणून उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवरील अफाट सभा अमर शेखांच्या आवाजाने भारल्या जात. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत एका युगाची दोन्ही टोके तुटली.

समाजवादी चळवळीजवळही हे धन होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी काम केले; पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' त्याच रंगमंचासाठी होते. निळू फुले, राम नगरकर तेथून पुढे आले. सिनेमाने त्यांना नेले याबद्दल सिनेमाला दोष देण्यात अर्थ नाही. मागे दुसरी फळी तयार केली गेली नाही, हे खरे दुखणे.

अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. ती संघटना १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झाली होती. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' त्याच १९७२ चा. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' नवे दलित लेखन छापीत होते. ही कविता पुस्तकात आली खरी, पण ती ज्यांना कळली त्यांपैकी अनेकांनी ती प्रथम कानांनी ऐकली, सभेत, वसतिगृहाच्या खोलीत, मोर्चाच्या वाटेवर. याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, १९ मे १९६८ रोजी, हार्लेममधील एका बागेत काही तरुण कवी ढोलाच्या साथीने कविता म्हणू लागले. 'लास्ट पोएट्स' या नावाने ते ओळखले गेले. त्यांची आणि गिल स्कॉट-हेरन यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये निघाली. ही कविता गायलेली नव्हती, बोललेली होती. ती ऐकणाऱ्याला झोपू देत नव्हती. मुंबईच्या तरुणांनी हार्लेमच्या कवींची नक्कल केली असे म्हणण्याचे कारण नाही. दोन्हीकडे पदवी हाती घेतलेली, नोकरी नसलेली, कायद्याने समान ठरवलेली आणि व्यवहारात दूर ठेवलेली पहिली पिढी वयात आली होती.

हार्लेमच्या उत्तरेला ब्राँक्स आहे. तेथील वस्त्यांच्या छातीवरून मोठा द्रुतगती रस्ता नेला गेला, हजारो कुटुंबे उठवली गेली, कारखाने गेले, घरांना आगी लागत राहिल्या. जमैकाहून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल या अठरा वर्षांच्या मुलाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत बहिणीच्या समारंभासाठी तबकड्या वाजवल्या. शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून बहिणीने तो जलसा ठेवला होता; मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट प्रवेश. हा मुलगा कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. गाण्यातला जो तुकडा केवळ ठेक्याचा असतो, तेवढाच दोन यंत्रांवर आलटून पालटून लांबवायचा, आणि त्यावर एकाने माईक घेऊन बोलत राहायचे, ही त्याची युक्ती. ढोलकीवाला लग्गी धरून ठेवतो आणि सोंगाड्या त्यावर बोलतो, त्याची आठवण मराठी माणसाला झाली तर नवल नाही. हिप-हॉपचा जन्म या दिवसापासून मोजतात.

पुढची हकीकत कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावी. सहा वर्षे हे सारे वस्तीत, बागेत, रस्त्याच्या दिव्यातून वीज ओढून चालले. १९७९ मध्ये न्यू जर्सीच्या एका कंपनीने तीन मुले जमवून पहिली गाजलेली रॅप तबकडी काढली. ती मुले ब्राँक्सच्या त्या वर्तुळात नावाजलेली नव्हती. त्यांच्यापैकी एकाने म्हटलेला बराच मजकूर ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ याचा होता. तबकडीवर कॅझचे नाव नव्हते. नाममुद्रा तोडणे म्हणतात ते हेच. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांच्या नावावर 'द मेसेज' आले आणि पडक्या वस्तीतले जगणे रेडिओवर ऐकू आले. परंतु बाजाराला लवकरच कळले की दारिद्र्याच्या वर्णनापेक्षा श्रीमंतीची बढाई अधिक खपते. सोन्याच्या साखळ्या, मोटारी आणि स्त्रीची विटंबना हा माल जगभर गेला. लावणीचे जे झाले तेच. ब्राँक्सच्या त्या मुलांमागे युनियन नव्हती, पक्ष नव्हता, संपफंड नव्हता. आवाज गावाच्या वतनातून सुटला तरी कंपनीच्या वतनात जाऊन पडू शकतो.

महाराष्ट्रात आज काय आहे? मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने २०१९ मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह आरेच्या जंगलावर गाणे केले आणि वारली पाड्यांचा प्रश्न शहरातील मुलांच्या कानी गेला. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते म्हणतात, त्यांचा आवाज कोणत्याही कंपनीने नव्हे, लोकांच्या मोबाईलने घरोघर पोचवला. नामांतराच्या लढ्यात, म्हणजे २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत, मराठवाड्यातील वस्त्यांत गाण्यांनीच माणसे धरून ठेवली होती; त्या पिढीची नातवंडे आता बीट डाऊनलोड करून त्यावर लिहितात. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने खोक्यांच्या राजकारणावर रॅप केले आणि अंबरनाथ येथे गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात उमेश खाडे या तरुणावर 'भोंगळी केली जनता' या रॅपबद्दल मुंबईत वडाळ्याला गुन्हा दाखल झाला. संपादकीय लेखांत याहून कठोर शब्द रोज छापून येतात. पण लेख वाचला जातो आणि रॅप म्हटले जाते, हा फरक पोलिस ठाण्याला बरोबर समजतो. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने अलीकडे मोडीत काढला, म्हणून कोणी निश्चिंत होण्याचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकातील व्याख्यांची लवचिकता पाहिली तर शाहिराला त्यात सहज बसवता येते.

धाराशिव शहरात जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. गोरा कुंभारांचे तेर शेजारीच असल्याने त्यांचे स्मरण सर्वत्र होते. संतांच्या सभेत थापटी घेऊन प्रत्येकाचे डोके वाजवून पाहणारा आणि कोणते मडके कच्चे ते सांगणारा गोरोबाकाका हा मराठीतला पहिला निर्भीड समीक्षक म्हटला पाहिजे. त्याच्या थापटीखाली आजचे रॅप ठेवले तर बरेचसे कच्चे निघेल, हे मान्य करायला हवे. यमकासाठी ओढून आणलेले शब्द, मुंबईच्या मुलांकडून उसनी घेतलेली गुर्मी, आयाबहिणींवरून शिव्या. कार्यकर्त्याने हे कौतुकाच्या भरात झाकू नये. मुलाला समोर बसवून सांगावे. पण कच्चे मडके भाजायचे असते.

मित्रहो, येथवर गावाचे वतन आणि कंपनीचे वतन यांविषयी बोलणे झाले. तिसऱ्या वतनाविषयी बोलल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही, आणि ते पक्षांचे वतन आहे. सभा सातची असते, पुढारी नऊला येतात. मधल्या दोन तासांत माणसे उठून जाऊ नयेत म्हणून शाहीर उभा केला जातो. तो घसा फोडून गातो, सतरंजीवरची मुले टाळ्या वाजवतात, मागे खुर्च्यांची जुळवाजुळव चाललेली असते. मग गाडीचे दिवे दिसतात. निवेदक शाहिराच्या खांद्यावर हात ठेवतो, माईक काढून घेतो, आणि घोषणा सुरू होतात. चौथे कडवे राहून जाते. नाममुद्रा त्याच कडव्यात असते. रात्री सगळ्यांच्या जेवणानंतर शाहिराच्या हाती प्रवासखर्च ठेवला जातो, तोही पुष्कळदा पुढच्या वेळेच्या वायद्यावर. निवडणुकीत तर पक्षाच्या नावापुरती जागा सोडलेली गाणी ठोक भावाने विकत घेतली जातात. आज या चिन्हासाठी म्हटले तेच उद्या त्या चिन्हासाठी. यात आणि पाटलाच्या दवंडीत फरक काय? दवंडी देणाऱ्याला निदान बलुते ठरलेले होते.

लाल बावटा कलापथकाचे वेगळेपण येथेच होते. मागणी कोणती लावून धरायची याच्या चर्चेत शाहीर बसत होता. गाणे ठराव झाल्यावर सजावट म्हणून येत नव्हते, कित्येकदा ठरावाच्या आधी येत होते. जिल्ह्यात आज विषयांची वाण नाही. वाशी, भूम, कळंब भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची उचल कशी फिटत नाही. पीकविम्याचे पैसे कोठे अडतात. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परंड्यात सप्टेंबर २०२५ च्या पुराने खरडून नेलेली जमीन पुन्हा कशी बनवायची. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव येऊन वर्षे लोटली तरी पोरे पुण्याला का जातात. यांवर पत्रके निघतात. ती वाचली जात नाहीत हे पत्रके काढणाऱ्यांनाही माहीत आहे. ज्याला या गोष्टी घरात भोगाव्या लागतात असा एखादा मुलगा दीड मिनिटात त्या सांगतो आणि त्याचे बोलणे तालुकाभर फिरते. त्याने आधी पक्षाचा कार्यक्रम पाठ करावा अशी अट घालणे म्हणजे त्याच्या गळ्यात पुन्हा हलगी अडकवणे होय.

त्याऐवजी तालुका समितीने काही साध्या गोष्टी कराव्यात. लिहिणाऱ्या-म्हणणाऱ्या मुलांना, आणि विशेषतः मुलींना, महिन्यातून एक संध्याकाळ कार्यालयाची खोली द्यावी. त्या दिवशी तेथे भाषण नको. जिल्ह्यात आराधी आणि गोंधळी आहेत, हलगीवाले आहेत, त्यांना बोलवावे आणि बीटच्या जोडीला संबळ ठेवून पाहावा. शिकवण्याचे मानधन आधी ठरवावे व त्याच दिवशी द्यावे. गाणे कोठेही लावले, कोणत्याही सभेत म्हटले, तरी लिहिणाऱ्याचे नाव सांगितले जावे. पुढारी आले तरी कडवे पुरे होऊ द्यावे. पुढाऱ्यांनी तोवर व्यासपीठाच्या पायरीशी थांबावे, त्याने सभेचा वेळ फुकट जात नाही. गाण्यात पक्षावर टीका आली तर ती त्याच व्यासपीठावर म्हणू द्यावी. आणि गाणे पसरण्यापूर्वीच एका वकिलाशी बोलून ठेवावे: गुन्हा दाखल झाला तर पोलिस ठाण्यात रात्री कोण जाणार, जामीनदार कोण राहणार, आणि मुलाच्या आईला घरी जाऊन कोण सांगणार.